ड्रम किटसाठी घरी लाकडी रॅक बनवता येईल का? कोणतं लाकूड घ्यावं?

नक्की येईल, पण लाकूड वाळलेलं हवं. मी लातूरला नव्या लाकडाचा रॅक केला होता. मे महिन्याच्या उन्हात आडवा दांडा उभा चिरला आणि त्यावर अडकवलेला टॉम, म्हणजे किटमधला छोटा ड्रम, खाली आला. फार जीव तुटला. दुसऱ्यांदा पाडलेल्या माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराचं, जुनं सागवान घेतलं. आपल्याकडे जुनं लाकूड विकणाऱ्यांकडे ते मिळतं. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे सहसा वाकत नाही. बाभूळ मजबूत खरी, पण जड आणि चिवट.

ड्रम दांड्याला धरून ठेवणाऱ्या पकडी, म्हणजे रॅकचे बाजारी क्लॅम्प, बहुतेक दीड इंची, म्हणजे 38 मिमी गोल पाइपाचे असतात. म्हणून आडवा दांडा सुताराकडून तेवढाच गोल करून घ्या. क्लॅम्प बसतो तिथे रबराची पट्टी गुंडाळायची असेल, तर दांडा थोडा बारीक ठेवा. सांध्यांना खिळे नकोत, आरपार नट-बोल्ट आणि मोठे वॉशर लावा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, तेव्हा बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.

रॅकवर फक्त टॉम आणि झांजा घ्या. बेस ड्रम जमिनीवरच राहू द्या, हाय-हॅट (पायाने उघड-मिट होणारी झांजांची जोडी) आणि स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) यांना त्यांचे स्टँड. उंची स्टुलावर बसून, हातात काड्या धरूनच मापा.