घरच्या नॅसवरील फोटो रॅन्समवेअरपासून कसे सुरक्षित ठेवावेत?

आपला प्रश्न असा आहे की, भुसावळच्या घरी नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या फायली साठवण्याच्या यंत्रावर, बारा वर्षांतील लग्नसमारंभांचे फोटो साठवलेले आहेत, दोन्ही डिस्कवर एकच मजकूर राहील असे रेड केलेले आहे, ग्राहकांना मोबाइलवर फोटो दाखवता यावेत म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून नॅसपर्यंत येण्याची वाट, उघडलेला आहे. तर एवढी व्यवस्था पुरेशी आहे का? माझ्या मते ती पुरेशी नाही, आणि पहिले काम आजच करावे : तो पोर्ट बंद करावा.

रॅन्समवेअरचे, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचे, नॅसवरील मोठे हल्ले बहुतांशी इंटरनेटवरून थेट दिसणाऱ्या यंत्रांवर झालेले आहेत. 2014 मध्ये सिनोलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने सिनॉलॉजी या कंपनीच्या जुन्या प्रणालीवरील यंत्रे गाठली. एप्रिल 2021 मध्ये क्यूलॉकरने क्यूनॅप या कंपनीच्या यंत्रांवरील फायली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिप फायलींत कोंडून 0.01 बिटकॉइन मागितले, आणि त्यासाठी वापरलेली त्रुटी चक्क बॅकअप घेण्याच्या अ‍ॅपमध्येच होती. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्टने 0.03 बिटकॉइनची खंडणी मागितली. यांपैकी कोणालाही भुसावळचा स्टुडिओ ठाऊक असण्याची गरज नव्हती; उघडे पोर्ट शोधण्याचे काम आपोआप चालते, आणि पोर्टचा क्रमांक बदलल्याने फारसा फरक पडत नाही.

राउटरमधील यूपीएनपी ही सोयही बंद करावी, कारण तिच्या आधारे नॅस आपल्याला न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकतो. बाहेरून स्वतःला फायली हव्या असल्यास वायरगार्डसारखे व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा कूटबद्ध खाजगी मार्ग, वापरावे. ग्राहकांसाठी मात्र निवडक फोटो क्लाउडवर ठेवून त्याचा दुवा पाठवावा. अल्बम पाहणाऱ्या वऱ्हाडी मंडळींना आपल्या मूळ संग्रहाच्या दारापर्यंत आणण्याचे कारण नाही.

रेडविषयीचा गैरसमज मी स्वतः बाळगला होता. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम देते, एवढाच त्याचा उपयोग. फाईल कुलूपबंद झाली की ती त्याच क्षणी दोन्हीकडे कुलूपबंद होते. जळगावात माझ्या घरी पोर्ट बंदच होता, तरीही लॅपटॉपवर मी बिलाची म्हणून उघडलेली एक जोडफाईल रॅन्समवेअर निघाली, आणि लॅपटॉपला नॅसचे फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेले असल्याने तेथील हिशेबाच्या फायलीही गेल्या. नॅस निर्दोष होता. लिहिण्याची परवानगी मीच दिली होती. आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट, म्हणजे नॅसने जपून ठेवलेली फायलींची त्या वेळची स्थिती, असल्याने मी वाचलो. त्यानंतर रोजच्या कामाच्या खात्याला जुन्या फोल्डरांत केवळ वाचण्याची मुभा ठेवली, ‘अ‍ॅडमिन’ नावाचे मूळ खाते बंद केले आणि नव्या व्यवस्थापक खात्याला दुहेरी पडताळणी लावली.

तरीही स्नॅपशॉटवर विसंबून राहू नये, कारण व्यवस्थापकाचे अधिकार ज्याच्या हाती पडतील तो स्नॅपशॉटही पुसू शकतो. म्हणून दोन बाह्य डिस्क घ्याव्यात, आठवड्याआड आलटून-पालटून बॅकअप घ्यावा आणि बॅकअप संपताच डिस्क काढून ठेवावी. कायम यूएसबीला लटकत राहिलेली डिस्क हल्ल्याच्या वेळी नॅसबरोबरच जाते. त्यांपैकी एक नातेवाइकांकडे, दुसऱ्या घरी असावी. मात्र भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतील कपाट त्यासाठी निवडू नये.

हल्ला झाल्याचे दिसलेच तर प्रथम नॅसची लॅन केबल काढावी, पण घाईने यंत्र पुन्हा सुरू करू नये. क्यूलॉकरच्या वेळी झिप करण्याचे काम चालू असेपर्यंत काहींना त्याच यंत्रातून पासवर्ड मिळवता आला होता. तक्रार सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या मदतक्रमांकावर नोंदवता येते.

दर तीन महिन्यांनी बाह्य डिस्कवरील एखाद्या जुन्या लग्नाचे फोल्डर वेगळ्या संगणकावर उतरवून फोटो उघडून पाहावेत. मी पहिल्यांदा तसे केले तेव्हा निम्मे फोल्डर बॅकअपच्या यादीत घालायचेच राहून गेले होते, असे आढळले.