ट्यून केलेल्या ऑटोमॅटिक गाडीला सर्वांत मोठा ट्रान्समिशन ऑइल कूलर बसवला तर चालेल का?

भावा, तुझी गाडी टर्बो-पेट्रोल ऑटोमॅटिक, ट्यून केलेली (म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली), उन्हाळ्यात गिअरबॉक्सचं तेल तापतं, म्हणून तू "सर्वांत मोठा" कूलर शोधतो आहेस. नेमकी माझी दुखरी नस दाबलीस.

स्टॅक्ड प्लेटचा घे, मध्यम आकाराचा. तेवढंच हवं असेल तर इथेच थांब.

मी हिंगणघाटकडे ट्रॅक्टर-थ्रेशरची कामं करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भाटव्यांनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, आणि मी अर्धे अर्धे पैसे घालून नागपूरहून अशीच एक सेकंडहँड टर्बो ऑटोमॅटिक आणली. पहिल्या मालकाने ती ट्यून करून घेतलेली होती. भाऊजी जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, वजनकाट्याला असतात. दिवाळीत त्यांनी एक कूलर आणला, ट्यूब-फिनचा, केवढा तर अर्धा कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) झाकेल एवढा. तो कंडेन्सरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून घट्ट चिकटवून बसवला. मी म्हटलं, भाऊजी, मधात बोटभर फट ठेवा, हवा जाऊ द्या, धुवायलाही जागा राहील. तर म्हणतात, "टॅक्टरवाल्याले कारातलं काय समजते बे?" बहिणीसमोर. पोरांसमोर.

मग मे महिन्यात चिखलदरा. शनिवार होता, परतवाड्याहून वर चढताना गाड्यांची रांग, पहिला-दुसरा गिअर, एसी फुल. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, आत तेल नुसतं घुसळत राहतं आणि गिअरबॉक्समधली बहुतेक उष्णता तिथेच तयार होते. मी मोबाइलला स्कॅनर जोडून बसलो होतो. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान ९८, १०७, ११५. भाऊजी म्हणाले, मीटरवर सुई तर मधातच आहे. अहो, ती इंजिनाच्या पाण्याची सुई! १३१ ला गाडीने एक झटका दिला आणि तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली. जळक्या तेलाचा वास भाच्यालाही आला. तासभर सागाच्या झाडाखाली बसलो.

घरी आणून बंपर उतरवला. कूलर आणि कंडेन्सरच्या मधात रुईचा, म्हणजे कापसाच्या तंतूंचा, थर. हाताने सोलला तर गादीसारखा एका तुकड्यात निघाला, त्यात सरकीची टरफलं आणि एक वाळलेलं फुलपाखरू. कापसाचा अख्खा सीझन गाडी जिनिंगच्या फाटकाशी उभी होती, दुसरं काय होणार? थ्रेशरवर ट्रॅक्टर लावला की आम्ही घडीघडी रेडिएटरची जाळी झाडतो, नाहीतर भुशाने इंजिन उकळतं. टॅक्टरवाल्याले एवढं समजते.

तसं बघितलं तर हे विदर्भातल्या माणसाला सांगावंच लागू नये. बंद खोलीत खिडकी न उघडता कूलर लावला तर काय होतं? नुसती दमट हवा फिरते, जीव घाबरतो. आणि दरवर्षी त्याचं गवत बदलतो की नाही? गाडीलाही तोच नियम. आलेल्या हवेला पुढे जायला वाट पाहिजे, आणि जाळी साफ पाहिजे.

आता तुझ्या कामाचं. ट्यूब-फिनमध्ये एकच लांब नळी वळसे घेत जाते, मधल्या धारेतलं तेल गरमच राहतं. स्टॅक्ड प्लेटमध्ये तेल सगळ्या प्लेटांत वाटून जातं, म्हणून तेलाला अडथळा कमी होतो आणि तेवढ्याच जागेत जास्त थंड होतं. जोडणी अशी: गिअरबॉक्सातून निघालेलं तेल आधी कंपनीच्या पाण्यावरच्या कूलरमधून, मग तुझ्या नव्या कूलरमधून, मग परत बॉक्समध्ये. उलटं जोडलंस तर थंड केलेलं तेल पुन्हा ९०-९५ अंशांच्या पाण्याशी नेऊन भिडवशील. घाटात आणि जाममध्ये समोरून वारा मिळत नाही, म्हणून स्वतःचा पंखा असलेला घे. नळी गिअरबॉक्सच्या तेलाची उष्णता सोसणारीच, पेट्रोलची नको. पट्ट्या ओवायच्या नाहीत, ब्रॅकेट करून घे. थर्मोस्टॅटही लाव (तेल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), कारण डिसेंबरच्या पहाटे तेल गरज नसताना गार ठेवणंही बरं नाही. तेल ८० ते ९५ अंशांत राहिलं की झालं. १२० च्या वर ते भराभर खराब होतं.

नवा कूलर लावला की तेल जास्त लागतं, आणि पातळी बघायची ती कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच. बऱ्याच बॉक्सांना ते ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं, तुझ्या बॉक्सचा आकडा बघून घे. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) दुपारी हे काम करूच नको, उभ्या गाडीतलं तेलच त्याच्या वर असतं. पहाटे पाचला कर.

हो, आणि हे आधीच सांगायला पाहिजे होतं: गिअरबॉक्स कोणता आहे ते बघ. कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच असेल तर तेलाचा कूलर लावून क्लच थंड होत नाही, पैसे पाण्यात. एएमटी (साध्या गिअरबॉक्सचा क्लच-गिअर यंत्राने चालवणारी) असेल तर विषयच संपला. वॉरंटी चालू असेल तर शोरूमवाले हात वर करतील, तेही धरून चाल. आणि घाटात गिअर हाताने खाली धर, लॉक-अप टिकला तर अर्धं काम फुकटात होतं. ट्यूनिंग थोडं उतरवलंस तरी चालेल, पण ते तू ऐकणार नाहीस.

आमच्या बॉक्समध्ये क्लचचा चुरा निघाला, तो बांधायला मध्यम सेकंडहँड ट्रॅक्टरचं इंजिन झालं असतं एवढा खर्च आला. तो मोठा कूलर गोठ्यात पडून आहे. भाऊजी म्हणतात धुऊन विकू, नवाच तर आहे. मी विकू देत नाही, आतल्या नळीत अडकलेला चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही, दुसऱ्याचा बॉक्स जाईल. यावर मागच्या पोळ्यापासून आमचं बोलणं फक्त बहिणीमार्फत चालू आहे.