उलटा वूफर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एका गाडीच्या डिक्कीचा फोटो छापला होता, त्यात सबवूफरचा (खोल बेस वाजवणारा स्पीकर, थोडक्यात 'सब') मॅग्नेट बाहेर आणि कोन (हलणारा शंकूसारखा पडदा) खोक्याच्या आत होता. तेव्हापासून या एकाच विषयावर पत्रं येतायत, म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : दादा, माझ्याकडे बारा इंची सब आहे, सीलबंद खोक्यात. मित्र म्हणतो उलटा लाव, बेस दुप्पट होतो. खरंय का? (कोल्हापूर)

नाही, दुप्पट वगैरे काही होत नाही, आणि हे आधीच स्पष्ट सांगतो कारण या एका समजुतीपायी चांगले खोके कापलेले मी बघितलेत. कोनच्या पुढच्या बाजूने जेवढी हवा ढकलली जाते तेवढीच मागच्या बाजूनेही ढकलली जाते. ४० हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेआठ मीटर लांब असते आणि तुमची अख्खी गाडी चार मीटरची, त्यामुळे समोर कोन आहे की मॅग्नेट याचा त्या लाटेला काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो खोक्यातल्या जागेचा. सरळ लावला की मॅग्नेट आणि बास्केट (कोन धरणारा सांगाडा) खोक्यातली हवा खातात, साधारण बारा इंचीला दोन-तीन लिटर. उलटा लावला की ती जागा मोकळी होते, वर कोनच्या वाटीतली जागाही खोक्याला मिळते, म्हणजे सगळं मिळून चार लिटरच्या आसपास धरा. आता हिशोब बघा. समजा तुमच्या सबच्या कागदावर एफएस (उघड्या सबचा स्वतःचा सूर) २८ हर्ट्झ, क्यूटीएस (तो किती घुमतो याचा आकडा) ०.४५, व्हीएएस (सबच्या लवचिकतेइतकी हवेची जागा) ६० लिटर आहे आणि खोक्यात निव्वळ जागा २५ लिटर. तर सब आणि खोका मिळून सिस्टीमचा रेझोनन्स (स्वतःचा सूर) ५२ हर्ट्झच्या जवळ येतो आणि क्यूटीसी (खोक्यातला क्यूटीएस, जास्त म्हणजे घुमणारा बेस) ०.८३. उलटा लावून २९ लिटर झाले की तेच आकडे ४९ आणि ०.७९. बेस थोडा खोल आणि किंचित सुटसुटीत होतो, पण हा फरक कानाला जेमतेम कळेल. खोका मुळात छोटा पडत असेल, म्हणजे बेस एकाच सुरात 'बूं बूं' घुमत असेल, तर करून बघण्यात अर्थ आहे. खोका मापाचा असेल तर हात लावू नका.

पोर्टवाला (हवेसाठी पाईप बसवलेला) खोका असेल तर जास्त सांभाळायला लागतं, कारण जागा वाढली की ट्यूनिंग, म्हणजे पाईप ज्या सुराला जोर देतो तो, खाली येतं. ३२ लिटरला ३५ हर्ट्झवर ट्यून केलेला खोका ३६ लिटर झाला की ३३ वर येतो, पाईप तोच ठेवला तरी. काहींना ते आवडतं, पण ज्यांना ढोल-ताशाचा ठोका छातीवर हवा असतो त्यांना तो कमी झाल्यासारखा वाटतो.

प्रश्न : एकाच खोक्यात दोन सब आहेत, मधे पार्टिशन नाही. दिसायला छान म्हणून एक उलटा केला तर बेस गायबच झाला. सब खराब झाला का? (नाशिक)

सब खराब झालेला नसणार, पण आत्ताच्या आत्ता वाजवणं बंद करा. वायर तुम्ही दोन्हीला सारखीच जोडलीय. सिग्नल आला की सरळवाला बाहेर येतो आणि उलटा आत जातो, म्हणजे एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय आणि डिक्कीत दोघं एकमेकांचा आवाज पुसून टाकतायत.

त्याहून वाईट गोष्ट खोक्याच्या आत चाललीय. सीलबंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी काम करते, कोन जास्त पळायला लागला की तीच त्याला आवरते. पण एक आत आणि एक बाहेर गेला की आतली हवा नुसती इकडून तिकडे सरकते, दाब बदलतच नाही, आणि ती स्प्रिंग नाहीशी होते. मग आवाज येत नाही म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि कोन मर्यादेच्या बाहेर पळून कॉइल (कोनला जोडलेली तारेची गुंडाळी) मागच्या प्लेटवर आपटते. 'टक टक' ऐकू आलं असेल तर ते हेच.

उपाय एका मिनिटाचा आहे. उलट्या सबच्या प्लस-मायनस वायरींची अदलाबदल करा, बाकी काही करू नका. खात्रीसाठी अँपकडून (अँप्लिफायरकडून) येणारी वायर सोडवून त्याच दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा (दोन्ही सबना एकाच दिशेने), दोन्ही कोन एकदम खोक्याबाहेर किंवा एकदम आत जायला पाहिजेत. उलट्याचा कोन दिसत नाही, पण बास्केटच्या फटीतून मागची बाजू हललेली दिसते.

आणि एक चांगली बातमी, वायर नीट झाली की ही मांडणी खरोखर फायद्याची आहे, हिला पुश-पुल म्हणतात. कुठलाही सब आत जाताना आणि बाहेर येताना तंतोतंत सारखा हलत नाही, त्यातून विकृती येते. एक सरळ एक उलटा असला की त्यातली सम क्रमांकाच्या हार्मोनिक्सची (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट सुरांची) विकृती बरीच कटते. म्हणजे तुम्ही दिसण्यासाठी केलंत पण आवाजही स्वच्छ होईल.

एकच सब उलटा लावणाऱ्यांसाठी पण हेच, वायर उलटी जोडून सुरुवात करा. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून दोन्ही पद्धती ऐका, दुसऱ्या कोणाला तरी मागे बदलायला सांगा. पुढच्या दारातल्या स्पीकरबरोबर जिथे बेस भरीव वाटतो ती जोडणी ठेवा, कारण क्रॉसओव्हर (बेस आणि बाकी आवाज वेगळे करणारी सेटिंग) आणि अंतर यामुळे प्रत्येक गाडीत उत्तर वेगळं येऊ शकतं.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात गाडी भट्टी होते. मॅग्नेट बाहेर ठेवल्याने सब थंड राहील ना? (सोलापूर)

थोडाफार राहील. सबला दिलेल्या पॉवरपैकी आवाजात जेमतेम एखादा टक्का जातो, बाकी जवळजवळ सगळी कॉइलमध्ये उष्णता होते आणि ती मॅग्नेटच्या लोखंडातून बाहेर पडते. सीलबंद खोक्यात ती कोंडते, बाहेर निदान हवा बदलते. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, तांब्याची असेल तर १०० अंश तापमान वाढीला जवळपास ३९ टक्के, म्हणून तासभर वाजवल्यावर बेस दबल्यासारखा वाटतो.

पण कॉइल जाळतो तो बहुतेक वेळा अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण), आणि हे मी कळकळीने सांगतोय. गेन फुल ठेवून क्लिप झालेला (अँपची मर्यादा ओलांडून माथा कापला गेलेला) सिग्नल पाठवत असाल तर मॅग्नेट कुठेही असला तरी सब जाणार. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, बेस बूस्ट बंद करा, सबची वायर काढा, ५० हर्ट्झचा टोन वाजवा आणि गेन वाढवत जा. ४ ओहमला ३०० वॅट हवेत तर ३४.६ व्होल्टला थांबायचं, २ ओहमला २४.५ ला. जळका वास आला तर तिथेच बंद.

प्रश्न : मी स्वतः खोका बनवतेय, १८ एमएमच्या प्लायचा. उलटा लावायचा ठरलंय. सुताराला काय सांगू? (ठाणे)

ताई, पहिलं सांगायचं ते भोकाचं माप. सबच्या कागदावर जो कटआउट दिलेला असतो तो सरळ लावण्यासाठी असतो, बास्केट आत जाण्यापुरता. उलटा लावताना फ्लँजची (स्क्रूच्या भोकांच्या कडेची) पुढची बाजू प्लायवर टेकते आणि समोर येतो रबरी सराउंड (कोनभोवतीची लवचिक कड). तो भोकाच्या कडेला घासला तर पहिल्याच आठवड्यात फाटेल. म्हणून सराउंडची बाहेरची कड मोजा, भोक त्याहून मोठं ठेवा, आणि मग स्क्रूला लाकूड पुरत नसेल तर त्याच १८ एमएमची एक रिंग कापून मधे स्पेसर म्हणून लावा. समोरच्या भिंतीपर्यंत पण जागा सोडा, कारण कोन जोरात वाजताना दोन-दोन सेंटीमीटर तिकडे येऊ शकतो.

दुसरं, गॅस्केट. बऱ्याच सबना ते फ्लँजच्या मागच्या बाजूलाच चिकटवलेलं असतं, तुमची टेकणारी बाजू पुढची. तिथे फोमची पट्टी स्वतः लावायला लागेल, आणि पुढची सजावटीची रिंग निघत असेल तर काढा. हवा गळते का बघायला उदबत्ती पेटवून कडेने फिरवा आणि आत हळू बेस वाजू द्या, धूर थरथरला तिथे फट आहे.

स्क्रूची भोकं सब बाहेर असतानाच मारून घ्या, आतून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट) बसवा, साध्या लाकडी स्क्रूवर एवढं वजन डिक्कीत लटकवू नका. मॅग्नेट मधे येतो म्हणून ड्रिल पोचत नाही आणि पोचलं तर मॅग्नेट ते खस्सकन ओढतो, बिट बास्केटच्या फटीतून सरळ कोनमध्ये घुसतं. एलन की वापरा, दुसरा हात मधे धरा. घरात लोखंडाचा भुसा पडलेल्या टेबलावर सब ठेवू नका, पोल व्हेंटमधून (मॅग्नेटच्या मागच्या भोकातून) कण आत गेला तर कॉइलवर घासत राहतो आणि तो काढता येत नाही.

प्रश्न : डिक्कीत बॅगा, भाजी, कधी क्रिकेटची किट. तरी उलटा चालेल? (चिंचवड)

जाळीशिवाय नाही. टर्मिनल उघडी असतात, किटमधली लोखंडी वस्तू दोन्हीवर पडली की शॉर्ट, आणि अँपचं प्रोटेक्शन प्रत्येक वेळी वाचवेलच असं नाही. टर्मिनलवर रबरी टोप्या घाला, मॅग्नेटच्या उंचीपेक्षा दोन बोटं उंच स्टीलच्या पाईपचा पिंजरा करून घ्या, पण व्हेंटसमोर जागा मोकळी सोडा, तिथे कापड किंवा पिशवी आली तर 'फुस्स' असा आवाज येतो आणि कॉइलची थंड हवा पण बंद होते. हा व्हेंटचा आणि वायरींचा बारीक आवाज सरळ लावलेल्या सबमध्ये खोक्यात दडून जातो, उलट्यात तो बाहेर येतो, मागच्या सीटवर बसणाऱ्याला ऐकू येतो. तुमच्या घरची माणसं रोज मागे बसत असतील तर सरळच लावा.