जुनी, दुर्मीळ बेसबॉल कार्डं जमवण्यात लोकांना एवढं काय वाटतं?

पैसा हे कारण आहेच, पण खरी गंमत कार्डामागच्या भानगडीत असते.

होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं कार्ड घ्या. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं असलेली ही कार्डं घालायची. आकार काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठा. वॅग्नरने परवानगी दिली नाही, छपाई थांबली. तंबाखूशी नाव जोडायचं नव्हतं की मोबदल्यावरून बिनसलं, यावर संग्राहक आजही भांडतात. उरल्या पन्नास-साठ प्रती. त्यातली एक २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेली.

टॉप्स या कार्डं काढणाऱ्या कंपनीच्या १९५२ च्या कार्डांची तर वेगळीच तऱ्हा. न खपलेली खोकी गोदामात जागा अडवत होती, म्हणून १९६० मध्ये कंपनीतल्या साय बर्जर यांनी ती बोटीतून नेऊन अटलांटिकमध्ये बुडवली, असं ते स्वतःच सांगत. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं!

मला विचाराल तर चुकलेली कार्डं जास्त मजेशीर. १९५७ च्या हँक आरनच्या कार्डात निगेटिव्ह उलटी लागली, त्यामुळे उजव्या हाताने खेळणारा आरन डावखुरा दिसतो आणि शर्टावरचा ४४ आकडाही उलटा. १९६९ मध्ये तर ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर चक्क संघाच्या बॅटी सांभाळणाऱ्या पोऱ्याचा फोटो छापला गेला. लहानपणी काडेपेट्यांची चित्रं जमवली असतील, तर हे वेड तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.