एका मुळाचे इंग्रजी शब्द एकत्र शिकले तर खरंच लक्षात राहतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी माध्यमातून शिकलोय, बँकेच्या परीक्षेसाठी रोज वीस-वीस इंग्रजी शब्द पाठ करतो आणि चौथ्या दिवशी पाटी कोरी. एका मुळापासून निघालेले शब्द एकत्र घेतले तर फरक पडेल का?

पडतो. आणि मराठी माध्यमाची तुम्हाला जी अडचण वाटतेय, तीच इथे उपयोगी पडते. कशी ते जरा ऐसपैस सांगतो.

मी भाषेचा माणूस नव्हे. न्हावा-शेवा बंदरातल्या मालाची कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या एका एजंटाकडे नोकरी करतो. शाळा उरणला, पूर्ण मराठीत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात रॅकवर फायलींचे दोन ढीग दिसले. एकावर मार्करने लिहिलेलं 'आयएमपी', दुसऱ्यावर 'ईएक्सपी'. आता दहावीपर्यंत आपण आयएमपी कशाला म्हणतो? सर परीक्षेआधी ज्या प्रश्नांवर खूण करून देतात त्यांना. आणि ईएक्सपी असतं औषधाच्या पट्टीवर, म्हणजे मुदत संपलेलं. मी इमानेइतबारे आयएमपीचा ढीग उपसत बसलो आणि मुदत संपलेल्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एका कंटेनरची कट-ऑफ, म्हणजे बंदरात पोचवायची शेवटची वेळ, दोन तासांवर आली, तेव्हा कळलं की त्याचं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा अर्ज, भरलेलंच नाही. इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट, एवढा साधा मामला होता. जी बोलणी खाल्ली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

संध्याकाळी ऑफिसातल्या एका सीनियर काकांनी मला बसवलं. एका रद्द बिल ऑफ एन्ट्रीच्या (आयातीच्या कस्टम्स अर्जाच्या) पाठीवर मधोमध 'पोर्ट' लिहिलं आणि भोवती रेघा ओढल्या. लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणं. आत आणलं की इम्पोर्ट, बाहेर नेलं की एक्स्पोर्ट, पलीकडे नेलं की ट्रान्सपोर्ट. माणसाला देशाबाहेर काढलं की डिपोर्ट. खबर परत आणून दिली की रिपोर्ट. खालून उचलून धरलं की सपोर्ट. नेणारा हमाल पोर्टर, नेता येईल अशी वस्तू पोर्टेबल. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "आणि तुझं इम्पॉर्टंटसुद्धा यातलंच हो! आपल्याबरोबर काहीतरी परिणाम आत घेऊन येतं ते." म्हणजे माझा घोळ अगदीच बिनबुडाचा नव्हता. दोन्ही आयएमपी एकाच घरचे निघाले.

त्या कागदातला एकही शब्द मी आजवर विसरलेलो नाही. मूळ माहीत झालं हे त्याचं अर्धंच कारण. अर्धं कारण बोलणी.

आता तुमच्या कामाचं. ही यंत्रणा आपल्याला नवी नाही. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आठवेल: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. धातू एकच, 'हृ', म्हणजे नेणं किंवा घेणं. पुढचा उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. धातूचा अर्थ उपसर्ग जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो, अशा अर्थाचा एक जुना श्लोकच आहे आणि त्यात हीच उदाहरणं येतात. इंग्रजीतलं इम-, एक्स-, ट्रान्स-, डी-, री- हे तेच काम करतात. खात्री करायची तर नवी मुंबई महापालिकेची, म्हणजे एनएमएमटीची बस बघा. टी म्हणजे ट्रान्सपोर्ट आणि मराठी नावात 'परिवहन'. उपसर्ग अधिक वाहणं, दोन्हीकडे तीच जोडणी.

'स्पेक्ट'मध्ये तर मजाच आहे. लॅटिनमध्ये याचा अर्थ बघणं. आपल्याकडे त्याच कामाला 'ईक्ष्' धातू आहे. इन्स्पेक्टर म्हणजे आत डोकावून बघणारा, आपला निरीक्षक. एक्स्पेक्ट म्हणजे बाहेर नजर लावून बसणं, आपली अपेक्षा. आणि आपण वाटही 'बघतो'च की. पर्स्पेक्टिव्हला परिप्रेक्ष्य. सस्पेक्ट म्हणजे खालून, डोळ्यांच्या कडेने बघणं. हा अर्थ कळायला कुठल्याही सोसायटीच्या गेटवर वॉचमनपुढे दोन मिनिटं उभं राहा. रिस्पेक्ट म्हणजे मागे वळून पुन्हा बघणं, प्रॉस्पेक्टस म्हणजे पुढचं बघायला दिलेलं पुस्तक. आणि तुम्ही ज्या परीक्षेला बसताय तीही परि अधिक ईक्षा, चहूबाजूंनी बघणं.

काही ठिकाणी तर नुसतं साम्य नाही, रक्ताचं नातं आहे. स्पेक्ट, संस्कृतातलं 'पश्यति' आणि आपला रोजचा 'स्पष्ट' हे एकाच प्राचीन मुळाचे. वाहन आणि व्हेइकल तसेच. उरणच्या मोऱ्याहून मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या बोटीला म्हणतात तो इंग्रजी 'फेरी' आणि आपला 'पार' हेही भाऊबंद. लॅटिन-संस्कृतात जिथे प, तिथे इंग्रजीच्या मूळच्या शब्दांत पुष्कळदा फ सापडतो. पितृ-फादर, पाद-फूट हे त्याचेच नमुने. परीक्षेत हे विचारणार नाहीत, पण एकदा वाचलं की डोक्यातून जात नाही.

आता सावध कुठे राहायचं. अनोळखी शब्दाचा अर्थ नुसत्या मुळावरून ठोकून देऊ नका. पोर्ट्रेट आणि पोर्शनमध्ये 'पोर्ट' दिसतं, पण त्यांचा वाहून नेण्याशी संबंध नाही. एअरपोर्टमधलं पोर्ट 'पोर्तुस'मधून आलंय, म्हणजे बंदर. ते पोर्तारेचं चुलत भावंड. ऑपॉर्च्युनिटी या बंदराकडची: गलबताला बंदराकडे ढकलणारा वारा म्हणजे संधी. (हा माझा सगळ्यात आवडता.) उलट स्पोर्ट हा खरोखर पोर्तारेच्याच घरचा, मन कामातून दुसरीकडे नेणं या अर्थाने, पण नुसतं बघून कुणाच्या बापाला कळणार नाही.

म्हणून मुळांच्या तयार याद्या पाठ करू नका. ती पुन्हा घोकंपट्टीच. पेपरात, मेलमध्ये, मॉक टेस्टमध्ये शब्द अडला की चांगल्या कोशात त्याची व्युत्पत्ती बघा आणि त्याच मुळाचे तुम्हाला आधीच येत असलेले दोन-तीन शब्द शेजारी लिहा. येणारे शब्द असलेच पाहिजेत, नाहीतर नवा शब्द अडकवणार कशाला? तिसऱ्या रकान्यात त्याच घडणीचा मराठी शब्द, सापडला तर. मी दिवसाला एखादाच करायचो, तोही जुईनगर ते पनवेल लोकलमध्ये जागा मिळाली तर.

आमच्या रॅकवर आता पूर्ण 'इम्पोर्ट' आणि 'एक्स्पोर्ट' लिहिलेलं आहे. ती लेबलं मी लावली.