लिनक्स लॅपटॉप आणि बाहेरचा स्क्रीन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जेकार्डची डिझाइन मोठ्या स्क्रीनवर बघायला मॉनिटर घेतला. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड आहे, त्यावर उबुंटू २४.०४ टाकलंय. एचडीएमआय केबल लावली की 'नो सिग्नल' येतं, विंडोजमध्ये मात्र चित्र दिसतं. केबल बदलावी का?

उत्तर : बदलू नका. विंडोजमध्ये चित्र येतंय, म्हणजे केबल, पोर्ट आणि मॉनिटर तिन्ही ठीक आहेत. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो, आणि लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन इंटेल किंवा एएमडीच्या चिपवर चालतो. त्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर नसला तरी बाकी सगळं सुरळीत चालतं; अडतं ते बाहेरच्या स्क्रीनपाशीच.

टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' ही कमांड इंग्रजी अक्षरांत द्या (पुढच्या कमांडही तशाच). कमांडच सापडत नसेल तर ड्रायव्हर टाकलेला नाही. 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, 'टेस्टेड' असं लिहिलेला पर्याय निवडा, 'अप्लाय चेंजेस' दाबा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

कमांड सापडते पण ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असा संदेश येत असेल, तर सिक्युअर बूटवर, म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणाऱ्या लॅपटॉपच्या सुरक्षा-सोयीवर, संशय घ्या. बहुतेक जण अडकतात ते इथेच. काही वेळा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला निळा स्क्रीन येतो आणि कोणतंही बटण दाबा म्हणून १० सेकंद थांबतो. तेवढ्यात बटण दाबलं नाही तर लॅपटॉप गुपचूप पुढे सुरू होतो आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो. निळा स्क्रीन आला की 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस' असं करत जा, ठरवलेला पासवर्ड द्या आणि रीबूट करा. टाइप करताना पासवर्ड दिसत नाही, तो उमटतच असतो. संधी हुकली असेल तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका.

ड्रायव्हर चालू असूनही चित्र नसेल तर 'प्राइम-सिलेक्ट क्वेरी' ही कमांड द्या. उत्तर 'इंटेल' आलं, तर बॅटरी वाचवण्यासाठी एनव्हिडियाची चिपच बंद ठेवलेली आहे आणि तिच्याबरोबर एचडीएमआयही बंद. 'सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड' देऊन रीस्टार्ट करा.

तुमचं काम रंगांचं, म्हणून न विचारलेलं एक सांगतो. चित्र आल्यावर काळा धागा राखाडी आणि गडद लाल फिका दिसला, तर सुताची शेड बदलायला घेऊ नका. एचडीएमआयवर कधी कधी लॅपटॉप मॉनिटरला टीव्ही समजतो आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच पट्ट्यात रंग पाठवतो. मॉनिटरच्या मेन्यूत 'आरजीबी रेंज' किंवा 'ब्लॅक लेव्हल' शोधा आणि दुसरा पर्याय लावून बघा. काळा खरा काळा दिसला, पण गडद छटा एकमेकींत मिसळल्या नाहीत, की सेटिंग बरोबर.

प्रश्न : जुळे सोलापुरातल्या आमच्या शाळेत जुना व्हीजीए प्रोजेक्टर आहे. इंटेल ग्राफिक्सच्या लिनक्स लॅपटॉपला एचडीएमआय-व्हीजीए अडॅप्टर लावून चित्र येतं, पण १०२४ × ७६८ च्या वर जात नाही.

उत्तर : सर, आधी प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत 'नेटिव्ह रिझोल्यूशन', म्हणजे त्याच्या स्वतःच्या ठिपक्यांची संख्या, बघा. जुने प्रोजेक्टर बरेचदा १०२४ × ७६८ चेच असतात. तसं असेल तर बिघाड काहीच नाही. जबरदस्तीने आकडा वाढवलात तर अक्षरं उलट पुसट होतील.

पुस्तिकेत १२८० × ८०० असेल तर व्हीजीए केबल तपासा. स्क्रीन आपली माहिती लॅपटॉपला १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून कळवतो. स्वस्तातल्या लांब केबलींमध्ये या तारा कधी कधी नसतातच. मग लॅपटॉप अंदाजाने १०२४ × ७६८ धरतो. पूर्ण तारांची केबल घेणं हाच खरा उपाय. अडॅप्टरला जादा पॉवरचं छोटं यूएसबी पोर्ट असेल तर तेही जोडा. कमी पॉवरवर चित्र लुकलुकतं.

केबल छतातून गेली असेल आणि बदलणं शक्य नसेल, तर लिनक्सला रिझोल्यूशन हाताने सांगता येतं. ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरातली 'ग्रब' फाइल सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, उघडा. 'क्वाएट स्प्लॅश' असलेल्या ओळीत, अवतरणचिन्ह संपण्याआधी एक जागा सोडून 'व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१२८०एक्स८००@६०' हे इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत लिहा. फाइल सेव्ह करा, 'सुडो अपडेट-ग्रब' द्या, रीस्टार्ट करा. मग सेटिंग्जमधल्या डिस्प्लेत नवा आकडा निवडा. इंटरनेटवर यासाठी 'एक्सरँडआर'च्या कमांड सुचवलेल्या दिसतील. वेलँडवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या लिनक्सच्या नव्या यंत्रणेवर, त्या चालत नाहीत, आणि आजच्या उबुंटूत लॉगिन बहुधा वेलँडवरच होतं.

प्रश्न : टाइप-सी ते एचडीएमआय केबल घेतली. त्याच पोर्टवर मोबाइल चार्ज होतो, पण मॉनिटर लागत नाही. कोणता ड्रायव्हर टाकू?

उत्तर : प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची 'डी-पी' खूण किंवा थंडरबोल्टची विजेच्या आकाराची खूण बघा. खूण नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' (टाइप-सीमधून चित्र पाठवण्याची सोय) शोधा. तिथेही नसेल तर कुठल्याही ड्रायव्हरने ही केबल चालणार नाही, दुकानदाराला परत करा. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल तर साधी केबल पुरते. तोही नसेल तर डिस्प्लेलिंक चिपचा (साध्या यूएसबीवरून चित्र पाठवणारा) यूएसबी अडॅप्टर चालेल, पण त्याला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो.