सरकारी वकील असताना स्वतःचा वकील लावावा का, आणि दर पेशीला कोर्टात जावे का?

तुमच्या भावाला मारहाण झाली, दोषारोपपत्र दाखल झाले, आणि आता सरकारी वकील असूनही आपला वकील लावता येतो का व दर पेशीला जावे लागते का, असे तुम्ही विचारले आहे. समन्स नसेल तर जाण्याची सक्ती नाही. तरीही जा.

२०१३ साली धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादात आमच्या यजमानांच्या मनगटावर कुऱ्हाडीचा घाव बसून हाड तुटले. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ खालचा, म्हणजे धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत केल्याचा, खटला तालुक्याच्या कोर्टात चालला. यजमानांची साक्ष झाली त्याच संध्याकाळी भासऱ्यांनी, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावांनी, सांगून टाकले की आपले काम संपले, पुढचे सरकार पाहील. मी वकिलाचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, आपल्या वकिलाला साक्षीदाराला प्रश्नच विचारता येत नाहीत, मग पंधरा हजार देऊन मुका माणूस कशाला उभा करायचा?

कायद्यापुरते त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पीडिताचा वकील न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या हाताखाली काम करतो आणि पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देऊ शकतो. त्याला स्वतंत्रपणे उलटतपासणी किंवा तोंडी युक्तिवाद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात सांगितले. पण आमचा खटला प्रश्न न विचारल्यामुळे पडला नाही. ज्या डॉक्टरांनी जखमेचा दाखला दिला त्यांची बदली झाली होती आणि समन्स जुन्याच ग्रामीण रुग्णालयातून परत येत राहिले. मी आशा म्हणून तिथे बाळंतिणींना घेऊन जात असे, डॉक्टर कुठे गेले हे मला ठाऊक होते. ते सांगायला कोर्टात आमच्यापैकी कोणी नव्हते. दोन साक्षीदार फितूर झाले, पुरावा बंद झाला. सरकारी वकिलांना मी फार दोष देत नाही, कारण त्यांच्या टेबलावर त्या दिवशीच्या फायलींचा ढीग असे. २०१७ च्या ज्येष्ठात आम्ही वावरात वखर हाकत असताना आरोपीनेच धुऱ्यावरून हाक मारून सांगितले की मी सुटलो, तेही दोन महिन्यांपूर्वी. निर्दोष सुटकेविरुद्ध पीडिताला स्वतः अपील करता येते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही. यजमानही थकले होते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही वकील लावण्याची तरतूद कायम आहे. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो, आणि गुन्हा अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली असेल तर जामिनाच्या वेळीही पीडिताचे म्हणणे ऐकावे लागते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुमच्या भावाची साक्ष होईपर्यंत इतर साक्षींच्या वेळी त्याला बाहेर बसवले जाऊ शकते, म्हणून साक्षीदार नसलेले घरातले कोणीतरी आत बसवा. आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते वकिलाऐवजी एस.टी.च्या भाड्यासाठी ठेवा.

भासरे आजही म्हणतात की दर पेशीला गेलो असतो तर वावर विकावे लागले असते. मी हिशेब मांडला आहे. यजमानांच्या साक्षीनंतर ३८ पेशी झाल्या आणि जाण्यायेण्याचे भाडे ८० रुपये होते. एकूण ३,०४० रुपये. त्या वर्षी एक क्विंटल कापूस त्याहून महाग विकला गेला.